पासवर्डचा नियम सगळ्यांना, मग साहेबांच्या लॉगिनला सूट का?

मागच्या महिन्यात आईच्या आरडीच्या कामासाठी द्वारका चौकाजवळच्या एका पतसंस्थेत गेले होते. नाव मुद्दाम देत नाही, कारण जे पाहिलं ते नाशिकमधल्या कुठल्याही पतसंस्थेत दिसलं असतं. काउंटरवरच्या ताई वैतागलेल्या होत्या. त्यांच्या पासवर्डची मुदत त्याच सकाळी संपली होती. नवा टाकला की सिस्टीम म्हणायची, हा आधी वापरलाय. तिसऱ्या खेपेला जमलं आणि त्यांनी तो लगेच डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला.

"सगळ्यांनाच बदलावा लागतो का?" मी सहज विचारलं.

"नाही हो. मोठ्या साहेबांना नाही. त्यांच्या लक्षात राहत नाही म्हणून आयटीवाल्याने त्यांचं ते काढून टाकलंय."

म्हणजे ज्या लॉगिनवरून पासबुक छापलं जातं त्याला मुदत आहे. ज्या लॉगिनवरून कर्ज मंजूर होतं, चुकीची नोंद रद्द होते आणि नवा यूझर तयार होतो, त्याला मात्र नाही. ही एका पतसंस्थेची गंमत वाटली तर तसं नाही. गेल्या काही वर्षांतले गाजलेले सायबर हल्ले पाहिले, तर हल्लेखोर पुष्कळदा अशाच एखाद्या खात्यावरून आत शिरलेले दिसतात, ज्याला नियम लागू नव्हता किंवा ज्याला तो लावायचं राहून गेलं होतं.

ही सूट दिली कशी जाते?

ऑफिसमध्ये कम्प्युटर वाढले की ते एका नेटवर्कमध्ये जोडले जातात आणि आत कोणाला घ्यायचं हे एक मध्यवर्ती सर्व्हर ठरवतो. विंडोज वापरणाऱ्या बहुतेक संस्थांत या व्यवस्थेला ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणतात. पासवर्ड किती अक्षरी हवा, किती दिवसांनी बदलायचा, किती वेळा चुकला की खातं लॉक होणार, हे तिथे एकदा ठरवलं की सगळ्यांना लागू होतं. यालाच पासवर्ड पॉलिसी म्हणायचं.

आता त्याच व्यवस्थेत प्रत्येक खात्यासमोर एक छोटी चौकट असते, 'पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स'. तिच्यावर टिक केली की मुदतीचा नियम त्या खात्यापुरता संपला. त्यासाठी कोणाची सही लागत नाही. सूट का दिली हे लिहिण्याची सक्ती नाही आणि ती कधी संपणार असा प्रश्नही सिस्टीम विचारत नाही. टिक करणारा आयटीवाला नोकरी सोडून गेला तरी टिक तिथेच राहते.

आणि टिक करणारा प्रत्येक वेळी आळशी किंवा साहेबांना घाबरणारा असतो असंही नाही. कुठल्याही नेटवर्कमध्ये माणसाची नसलेली बरीच खाती असतात. रात्री बॅकअप घेणारा प्रोग्राम, दिवसाचे व्यवहार बंद करणारी डे-एंडची प्रक्रिया, ग्राहकांना एसएमएस पाठवणारं सॉफ्टवेअर, हे सगळे आपापल्या लॉगिनने सर्व्हरवर जातात. यांना सर्व्हिस अकाउंट म्हणतात. यांचा पासवर्ड प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये एकदा भरून ठेवलेला असतो. तो मध्यरात्री एक्स्पायर झाला तर 'नवा पासवर्ड टाका' हा निरोप वाचायला समोर कोणी नसतं. काम नुसतं बंद पडतं. डे-एंड अडली तर सकाळी शाखा उघडत नाही, त्यामुळे ते निदान लगेच कळतं. बॅकअप बंद पडला तर ते कळायला कधीकधी एखादी हार्ड डिस्क जावी लागते. एकदा असा फटका बसलेला माणूस पुढच्या वेळी निमूट टिक करून मोकळा होतो.

२००८ पूर्वी विंडोजच्या एका डोमेनमध्ये पासवर्डची एकच पॉलिसी चालायची. कोणासाठी वेगळी हवी असेल तर वेगळं डोमेन उभारावं लागे. विंडोज सर्व्हर २००८ पासून वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी पॉलिसी लावता येऊ लागली. त्यामागचा एक उघड उपयोग असा, की ज्यांच्या हातात जास्त अधिकार त्यांना जास्त कडक नियम लावावेत. कर्मचाऱ्याला ८ अक्षरं चालतील, ॲडमिनला १५ लावा. पण सोय दोन्ही बाजूंनी चालते. तीच सोय वापरून वरच्यांचे नियम सैल करता येतात, आणि पतसंस्थेतल्या ताईंनी सांगितलं ते त्याचंच घरगुती रूप होतं.

खुद्द मायक्रोसॉफ्टनेही अशीच एक सूट वर्षानुवर्षं चालू ठेवली होती. विंडोज मशीनवर मुळात असणारं 'ॲडमिनिस्ट्रेटर' हे स्थानिक खातं कितीही वेळा पासवर्ड चुकला तरी लॉक होत नसे. मालकच बाहेर अडकू नये हा हेतू. पण त्यामुळे चोराला याच खात्यावर हवे तेवढे अंदाज लावून पाहता येत. हे खातंही लॉक करता येईल अशी सोय ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटमध्ये आली.

पण नियम तरी बरोबर आहे का?

इथे साहेबांची बाजूही घ्यायला हवी. दर ४५ किंवा ९० दिवसांनी पासवर्ड बदला, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवं, हा जगभर पसरलेला नियम बऱ्याच अंशी अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेतून आला. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, आपण सांगितलेल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो अशी जाहीर कबुली दिली. त्याच वर्षी निस्टने भूमिका बदलली. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदला, असं ती संस्था आता सांगते. २०२५ च्या नव्या आवृत्तीत ही भाषा आणखी ठाम झाली. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारशींमधून मुदतीची अट काढून टाकली.

कारण सोपं आहे आणि आपण सगळे त्याचे साक्षीदार आहोत. मुदत संपली की माणूस नवा पासवर्ड तयार करत नाही, जुन्याच्या शेवटचा १ काढून २ लावतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये ७,७०० हून अधिक जुन्या खात्यांचे पासवर्ड तपासले. आधीचा पासवर्ड हाती असेल, तर ४१ टक्के वेळा त्यावरून पुढचा पासवर्ड कम्प्युटरला ३ सेकंदांच्या आत ओळखता आला.

द्वारका चौकातला पादचारी भुयारी मार्ग नाशिककरांना माहीत आहे. तो बांधला गेला सुरक्षिततेसाठीच, आणि लोक मात्र वरून, वाहनांमधून वाट काढत रस्ता ओलांडतात. नियम गैरसोयीचा असेल तर लोक तो मोडत नाहीत, त्याला वळसा घालतात. ताईंची डायरी हा एक वळसा, आयटीवाल्याची टिक हा दुसरा. फरक इतकाच की डायरी चोरायला कोणाला तरी काउंटरपर्यंत यावं लागतं.

तेव्हा मुदतीतून सूट मिळणं हा काही गुन्हा नव्हे. गडबड पुढे होते. सूट मागितली जाते मुदतीपुरती, पण दिली जाते सरसकट. 'साहेबांना त्रास नको' म्हणून मुदत जाते, मग लांबीची अट जाते, मग मोबाइलवर येणारा ओटीपी जातो. बदल्यात काहीच घेतलं जात नाही.

सुपरयूझर, आणि एकसारखे पासवर्ड

सहकारी बँकांच्या जगातलं यातलं बोलकं उदाहरण हैदराबादचं आहे. आंध्र प्रदेश महेश को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेतून जानेवारी २०२२ मध्ये १२ कोटी ४८ लाख रुपये गेले. हैदराबाद पोलिसांनी मांडलेला घटनाक्रम असा: बँकेच्या कर्मचाऱ्यांना फसवे ईमेल आले, काहींनी ते उघडले आणि हल्लेखोर आत आले. इथवर कुठल्याही बँकेत घडू शकतं. पण पुढे त्यांच्या हाती सुपरयूझरची लॉगिन लागली. अशी लॉगिन दोन-तीन असली तरी पुरतात. या बँकेत १० च्या आसपास होती आणि त्यातल्या काहींचे पासवर्ड एकसारखेच होते. हल्लेखोरांनी मोजक्या खात्यांतली शिल्लक वाढवली, तिथून पैसे देशभरातल्या शेकडो खात्यांत फिरवले आणि एटीएममधून काढले. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये या बँकेला ६५ लाखांचा दंड केला.

काउंटरवरच्या क्लार्कचा पासवर्ड कितीही कच्चा असता तरी एवढं झालं नसतं. क्लार्कला शिल्लक वाढवण्याचा अधिकारच नसतो.

आपल्या मुंबईतलं प्रकरण तर त्याहून मोठं. फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतला पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड झाला, तेव्हा बँकेने सांगितलेला आकडा सुमारे ११,४०० कोटींचा होता, पुढे तो १३ हजार कोटींच्या वर गेला. परदेशी बँकांना हमीचे निरोप पाठवणारी स्विफ्ट प्रणाली बँकेच्या मुख्य सॉफ्टवेअरशी जोडलेलीच नव्हती. त्यामुळे स्विफ्टवरून गेलेल्या हमीची नोंद मुख्य खातेवहीत आपोआप उमटत नसे. स्विफ्टचे पासवर्ड ज्याने वापरायचे त्याच्याकडेच न राहता इतरांच्या हाती गेले, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. आणखी एक गोष्ट मला जास्त लक्षणीय वाटते. बँकांमध्ये माणसांनाही मुदत असते, ठरावीक वर्षांनी बदली होते. या प्रकरणातला मुख्य आरोपी अधिकारी त्याच शाखेत साधारण ७ वर्षं राहिला. पासवर्ड बदलायचा नियम आणि माणूस बदलायचा नियम, दोन्हींमागचा विचार एकच आहे: चुकून किल्ली गैरहाती गेली तरी ती कायमची राहू नये.

स्विफ्टच्या गैरवापराबद्दल ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा बँकांना सावध केलं होतं, असं रिझर्व्ह बँकेने घोटाळ्यानंतर सांगितलं. मग मुदती घालून दिल्या गेल्या, आणि २०१९ मध्ये स्विफ्टबाबतचे नियम न पाळल्याबद्दल ३६ बँकांना मिळून ७१ कोटींचा दंड झाला. छत्तीस! एकट्या पीएनबीचा हा प्रश्न नव्हता.

विसरलेली खाती

मोठ्या, पैसेवाल्या कंपन्या यातून सुटतात का? मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कोलोनियल पाइपलाइन ही इंधन वाहून नेणारी कंपनी बंद पडली, पूर्व किनाऱ्यावर पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या आणि कंपनीने ४४ लाख डॉलरची खंडणी दिली. हल्लेखोर आले एका जुन्या व्हीपीएन खात्यावरून. ते खातं वापरात नव्हतं, पण बंदही केलेलं नव्हतं, आणि त्यावर पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी नव्हती. पासवर्ड गुंतागुंतीचा होता, असं कंपनीच्या प्रमुखांनी सिनेटसमोर सांगितलं. ते खरंही असेल. पण फुटलेला पासवर्ड गुंतागुंतीचा असून काय उपयोग?

मायक्रोसॉफ्टचं जानेवारी २०२४ मध्ये उघड झालेलं प्रकरण याच जातीचं. रशियाशी जोडल्या जाणाऱ्या गटाने कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे ईमेल वाचले. सुरुवात झाली चाचणीसाठी उभारलेल्या एका जुन्या व्यवस्थेतल्या खात्यापासून. जगाला दुहेरी पडताळणीचा आग्रह धरणाऱ्या कंपनीच्या या खात्यावर ती नव्हती. 'टेस्टिंगचं आहे, राहू दे' असं तिथेही कोणी तरी कधी तरी म्हटलं असणार.

सर्व्हिस खात्यांचा धोका थोडा वेगळा आहे. नेटवर्कमधला कोणताही साधा यूझर सर्व्हरकडून अशा खात्याचं एक डिजिटल तिकीट मागू शकतो, आणि त्या तिकिटावर खात्याच्या पासवर्डची छाप असते. ते तिकीट हल्लेखोर आपल्या मशीनवर नेतो आणि निवांत अंदाज लावत बसतो. चुकलेले प्रयत्न सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे खातं लॉक होत नाही आणि कोणाला पत्ताही लागत नाही. २०१४ पासून ही पद्धत जाहीरपणे माहीत आहे, तिला कर्बेरोस्टिंग म्हणतात. २०१५ मध्ये ठेवलेला आठ अक्षरी पासवर्ड, मुदतीतून कायमची सूट आणि हातात ॲडमिनचे अधिकार, असं खातं तिच्यापुढे फार काळ टिकत नाही.

कोणी न दिलेली सूट

आत्तापर्यंत ज्या सवलती पाहिल्या त्या कोणी तरी दिल्या होत्या किंवा काढायच्या राहिल्या होत्या. तिसरा प्रकार असा, की ते उपकरण पॉलिसीच्या कक्षेतच आलेलं नसतं. सीसीटीव्ही कॅमेरा, त्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा, वायफाय राउटर, हजेरीचं बोटाचं यंत्र. ही नेटवर्कवर असतात, पण सर्व्हरची पासवर्ड पॉलिसी त्यांना सहसा लागूच होत नाही. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच चालू राहतो.

राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या महिलांच्या तपासणीची चित्रं फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकली जात असल्याचं उघड झालं. पकडलेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. कॅमेऱ्यांच्या यंत्रणेचा पासवर्ड 'ॲडमिन१२३' होता, असं तपासातून पुढे आलं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेव्हा त्याच्याकडे होती ती फक्त ६० च्या आसपास कंपनीने दिलेल्या यूझरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी.

नाशिकसाठी हा दूरचा विषय नाही. २०२७ चा सिंहस्थ समोर आहे आणि गर्दीवर नजर ठेवण्यासाठी कॅमेऱ्यांवर मोठी भिस्त राहणार आहे. २००३ च्या सिंहस्थात सरदार चौकात झालेली चेंगराचेंगरी शहर विसरलेलं नाही. ऐन स्नानाच्या दिवशी नियंत्रण कक्षातला पडदा काळा झाला तर काय, हा प्रश्न कॅमेऱ्यांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा आहे. कॅमेरे बसवणारा ठेकेदार, देखभाल करणारा दुसरा आणि सॉफ्टवेअर पुरवणारा तिसरा असेल, तर प्रत्येकाचं एकेक 'सपोर्ट'चं लॉगिन असणार. ठेका संपल्यावर ती लॉगिन बंद कोण करणार, हे ठेक्यातच लिहिलेलं बरं.

रिझर्व्ह बँक काय म्हणते, आणि कोणाला म्हणते?

नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. त्यात पासवर्ड लांब आणि गुंतागुंतीचे असावेत हे आहेच, पण महत्त्वाच्या सिस्टीमवरच्या ॲडमिन आणि सुपरयूझरच्या वापरावर नियंत्रण, त्याची नोंद आणि देखरेख ठेवा, असंही सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये गेल्याची पार्श्वभूमी ताजी होती. ३१ डिसेंबर २०१९ ला आणखी तपशीलवार, चार पातळ्यांची चौकट आली.

हे सगळं बँकांना. पतसंस्था बँक नसते. तिची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली होते आणि देखरेख सहकार खात्याची. रिझर्व्ह बँकेची ही चौकट तिला लागू नाही. बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणारं ५ लाखांपर्यंतचं विम्याचं संरक्षणही पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. म्हणजे ठेवीदाराच्या डोक्यावर छत्री सगळ्यात लहान, आणि पासवर्डची शिस्त आयटीवाल्याच्या मर्जीवर. साहेबांच्या लॉगिनला मिळालेली सूट या मोठ्या सवलतीच्या आत बसलेली आहे.

मग सूट द्यायचीच नाही का?

द्यायची. काही वेळा ती न देणंच धोक्याचं ठरतं. सगळ्या ॲडमिनना दुहेरी पडताळणी लावली आणि ती यंत्रणाच बंद पडली तर आत कोण जाणार? म्हणून आणीबाणीसाठी एखाद-दोन खाती नेहमीच्या नियमांबाहेर ठेवा, असं मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगत आलं आहे. आग लागल्यावर काच फोडून काढायच्या किल्लीसारखी ही खाती. पण त्यांचा पासवर्ड प्रचंड लांब हवा, तिजोरीत हवा, आणि खातं वापरलं गेलं की सगळ्यांना ताबडतोब कळायला हवं. अलीकडे तर क्लाउडच्या ॲडमिन पोर्टलसाठी या आणीबाणीच्या खात्यांनाही दुसरी पडताळणी सक्तीची झाली आहे.

सर्व्हिस खात्यांसाठी विंडोज सर्व्हर २०१२ पासून अशी सोय आहे, की त्यांचा लांबलचक पासवर्ड विंडोजच तयार करतं आणि आपोआप, साधारण दर ३० दिवसांनी बदलतं. तो कोणा माणसाला माहीतच नसतो, त्यामुळे डायरीत लिहायचा प्रश्न येत नाही. जुन्या सॉफ्टवेअरला हे जमत नाही, ही खरी अडचण आहे. तिथे २५-३० अक्षरी पासवर्ड ठेवायचा, त्या खात्याला फक्त त्याच एका सर्व्हरवर लॉगिन करता येईल असं बांधायचं आणि ॲडमिनचे अधिकार काढून घ्यायचे. एवढं केल्यावर मुदतीतून सूट दिली तर हरकत नाही.

साहेबांचं काय? त्यांना मुदतीतून सूट द्या, खुशाल. निस्टचंही तेच म्हणणं आहे. पण मग ताईंनाही द्या. आणि बदल्यात दोघांकडून लांब पासवर्ड घ्या, दुसरी पडताळणी घ्या. साहेबांच्या हातात जास्त अधिकार आहेत, म्हणून त्यांच्याकडून आधी.

कोणाकोणाला सूट आहे हे शोधणं अवघड नाही. 'पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स'वर टिक असलेल्या सगळ्या खात्यांची यादी ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एका ओळीच्या कमांडने निघते. त्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे हे खातं कोणाचं, सूट कशासाठी आणि कधीपर्यंत, एवढं लिहिता आलं नाही तर ते खातं आधी तपासायचं.

पतसंस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हव्यात. तिथे चर्चा होते ती लाभांशाची, थकीत कर्जांची, आणि अल्पोपाहाराची. आई त्या पतसंस्थेची सभासद आहे. यंदा तिने एक प्रश्न लेखी द्यायचा असं आमचं ठरलं आहे: आपल्याकडे किती लॉगिनना पासवर्डच्या नियमातून सूट आहे, आणि ती यादी शेवटची कोणी, कधी पाहिली?